मगरे सरांची दोन पानं

प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी मगरे सर लॅबमध्ये एकटेच जायचे आणि शिपायाने मांडून ठेवलेली उपकरणं मुद्दाम चुकवून ठेवायचे. लांब पट्टीवर भिंगं ओळीत बसवलेली असायची. त्यातलं एखादं ते दोन मिलिमीटर बाजूला सरकवायचे, एखादं जरासं तिरपं करायचे आणि काय केलं ते एका कागदावर लिहून खिशात टाकायचे. मग पोरं आत आली की सांगायचे, "आज एक भिंग चुकीचं बसवलंय. कोणतं आणि कितीनं, ते प्रकाश कुठं पडतो ते बघून सांगायचं. भिंगाला हात लावायचा न्हाई."

परतूरच्या आमच्या कॉलेजात असं कुणी कधी केलं नव्हतं. आमच्याकडे जर्नल वरच्या वर्गाकडून उतरवून घ्यायची पद्धत होती, आणि उत्तर आधी लिहून आकडे मागून भरण्यात पोरं तरबेज होती. मगरे सरांच्या लॅबमध्ये उतरवता येईना, कारण उत्तर दर वेळी वेगळं असायचं. पोरं वैतागली. त्यांनी सरांचं नाव 'तिरपे सर' ठेवलं. सरांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाले, नाव बराबर आहे, पण किती अंशाने तिरपे ते पोरांनी सांगितलं न्हाई.

मी त्याच कॉलेजात गणित शिकवायचो. माझं नाव शेख. मी कायम नोकरीतला, जुना माणूस. मगरे सर मात्र तासिका तत्त्वावर होते. दर जूनमध्ये बोलावणं आलं तर नोकरी, नाही आलं तर नाही. अशा जागेवर पंचविशी-तिशीतली पोरं असतात. हे पंचेचाळिशीचे, डॉक्टरेट झालेले, आणि आमच्यातल्या कुणीही ज्याच्या फाटकापर्यंतसुद्धा पोचलं नसतं अशा मोठ्या संशोधन केंद्रात अकरा वर्षं काढून आलेले. स्टाफरूममध्ये तर्क चालायचे. कुणी म्हणायचं काढून टाकलंय, कुणी म्हणायचं डोक्यावर परिणाम झालाय. तोंडावर सगळे त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे, आणि तेही त्यांना आवडणार नाही अशा बेताने.

दिसायला उंच, काटकुळे, मानेत किंचित वाकलेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावरची पोरं आपोआप पुढे येऊन बसायची. आणि एक सवय अशी, जिच्यावरून सगळं कॉलेज हसायचं. कुठल्याही कागदावर सही करायची असली की ते आधी तो अख्खा वाचायचे. मस्टरवर सही करायला आम्हाला दोन सेकंद लागायचे. मगरे सर वरपासून खालपर्यंत पान वाचायचे आणि शिपाई चुळबुळत उभा राहायचा. एकदा हेडक्लार्कच्या निवृत्तीचं शुभेच्छापत्र सह्यांसाठी फिरत होतं. सरांनी तेही उलटसुलट करून वाचलं, मग 'आपण कधीही कुणाचं काम अडवलं नाही' या वाक्याखाली सही करायला नकार दिला. म्हणाले, माझं अडवलंय. हेडक्लार्कसकट सगळे हसले. सर हसले नव्हते.

डबा ते स्टाफरूममध्ये खायचे नाहीत. लॅबमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर, भाकरी आणि एखादी कोरडी भाजी, पुस्तक पुढ्यात धरून. मी एकदा कारण विचारलं. त्यांनी घास संपवला आणि सांगितलं की आधीच्या नोकरीत कँटीनमध्ये ते बसले की टेबल हळूहळू मोकळं व्हायचं. कुणी काही बोलायचं नाही. एकाला फोन यायचा, दुसऱ्याचं जेवण झालेलं असायचं. "मंग मी कॉम्प्युटरपाशीच खायला लागलो. ती सवय लागून गेली." सरांचं घराणं जाफराबादचं, बौद्ध; आजोबा मजूर, वडील प्राथमिक शिक्षक. मी शेख. टेबल कसं मोकळं होतं हे मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मीही डबा घेऊन लॅबमध्ये जायला लागलो.

आम्ही दोघंही जालन्याहून सकाळच्या गाडीने परतूरला यायचो. त्या प्रवासात मला कळत गेलं की त्यांचं तिथलं काम काय होतं. कणांचा झोत प्रचंड वेगाने पळवायचं यंत्र असतं. झोत एका लांब नळीतून जातो आणि त्याला वाट दाखवायला नळीभोवती जागोजागी चुंबकं बसवलेली असतात, काही तर माणसाएवढी लांब. झोत चुंबकाच्या बरोब्बर मधून गेला तर ठीक. जरा बाजूने गेला की त्याला धक्का बसतो, आणि असे धक्के साचत गेले की तो नळीच्या भिंतीला घासतो. आता, कितीही निष्णात माणूस असला तरी केसभरही चूक न होता चुंबक बसवता येत नाही. म्हणून यंत्र बांधायच्या आधी ते कॉम्प्युटरवर उभं करायचं आणि त्यातली चुंबकं मुद्दाम हलवून बघायची. हे एवढं सरकलं तर काय होईल, ते तेवढं तिरपं झालं तर काय होईल. हजार वेळा, हजार प्रकारांनी. हे मुद्दाम चुकवून बघणं म्हणजे मगरे सरांची नोकरी.

"बाकीचे लोक यंत्र कसं चालंल ते बघायचे," ते म्हणाले. "मी ते कसं कसं बिघडंल ते बघायचो. असा माणूस कुणाला आवडत न्हाई शेख सर."

पुढचं सगळं त्यांनी एकाच बैठकीत सांगितलं. परतूर स्टेशनवर दुपारची गाडी दोन तास उशिरा होती. समोर कापसाच्या गाठींचे ट्रक उभे होते, फलाटावर आम्ही दोघं आणि एक शेंगदाणेवाला. मी काही विचारलं नव्हतं.

केंद्रात झोतासाठी एक नवी वाट बांधायची होती. इमारतीचा एक खांब मध्ये येत होता म्हणून तीन चुंबकं चुकून नव्हे तर ठरवूनच तिरपी बसवायची होती, म्हणजे झोत खांबाला वळसा घालून जाईल. नकाशा काढणाऱ्यांनी तिरपेपणा चुंबकाच्या मध्यापासून मोजला होता. सॉफ्टवेअर मात्र तो चुंबकाच्या पुढच्या तोंडापासून धरत होतं. सरांनी फलाटावर पडलेली एक काडी उचलून मला दाखवलं: मधोमध धरून फिरवली तर दोन्ही टोकं थोडी थोडी हलतात, एक टोक धरून फिरवली तर दुसरं टोक दुप्पट हलतं. कोन तोच, काडी तीच, जागा वेगळी. चुंबक लांब, म्हणून फरक एक-दोन मिलिमीटरचा. पण नळीत तेवढीच जागा मोकळी होती.

त्यांना हे कळलं तेव्हा बांधकाम निम्मं झालं होतं. त्यांनी दोन पानांचं टिपण लिहिलं. पहिल्या पानावर चूक कुठे आहे ते, दुसऱ्यावर ती कशी दुरुस्त करायची ते. गटप्रमुखाच्या हातात नेऊन दिलं. प्रमुखाने चाळलं आणि म्हणाला, हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात, ते चुकत नाही. सर म्हणाले, सॉफ्टवेअर चुकत न्हाईच साहेब, आपण त्याला सवाल चुकीचा विचारून राह्यलोत. प्रमुखाने विचारलं, तुमचं शिक्षण कुठलं? सरांनी औरंगाबाद सांगितलं. मग, आवाज न चढवता, अगदी सहज विचारावं तसं त्याने विचारलं की भरती कोणत्या कोट्यातून झाली. आणि टिपण ड्रॉवरमध्ये टाकलं.

आठ दिवसांनी अंतिम अहवाल सह्यांसाठी आला. सहा जणांच्या सह्या, तिसरी मगरे सरांची. आकडे जुनेच होते.

"मी सही केली," सर म्हणाले. "माझी बढतीची फाईल त्याच महिन्यात त्यांच्या टेबलावर होती. कुणी धमकी दिली न्हाई, कुणी काही म्हणलं न्हाई. कागद पुढं आला आन् मी केली."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मी असतो तर केली नसती."

त्यांनी हातातली काडी दोन बोटांत फिरवली. मग म्हणाले, "असंल."

पहिल्यांदा झोत सोडला तेव्हा सरांनी लिहिलं होतं त्याच ठिकाणी तो नळीला घासला. जीव कुणाचा गेला नाही, पण नळी जळाली आणि काम कित्येक महिने मागे गेलं. चौकशी बसली. सॉफ्टवेअरला दिलेली आकड्यांची फाईल तयार करणाऱ्याच्या रकान्यात मगरे सरांचं नाव होतं. सरांनी टिपणाची गोष्ट सांगितली. प्रमुख म्हणाला असं काही आपल्याकडे आलं नाही. सरांनी स्वतःजवळची प्रत दाखवली. समितीतल्या एकाने ती वाचली आणि फक्त एवढंच विचारलं की हे तुम्हाला आधीच माहीत होतं, तर मग अहवालावर तुमची सही कशी?

"त्याला माझ्यापाशी जवाब न्हवता. आज बी न्हाई."

त्यांनी राजीनामा दिला. पुढे दुरुस्ती झाली ती टिपणाच्या दुसऱ्या पानावर लिहिल्याप्रमाणेच झाली, आणि दुरुस्ती करणाऱ्या गटाचा सत्कार झाला. हे सांगून होईपर्यंत गाडीची घोषणा झाली. सर उठले, काडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि गाडीत चढल्यावर झोपून गेले.

एकदा ते मला जाफराबादला घेऊन गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर वडलांचा फोटो, समोर ओसरीवर सोयाबीनची पोती. आई अंथरुणाला खिळलेली, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत. मी सरांसोबतचा म्हणल्यावर तिने मला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "तुमी बी तिकडच्याच हापिसातले का? याची सुट्टी कवा संपायची हाय?"

मी सरांकडे पाहिलं. ते माठातून पाणी काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हणालो, संपेल लवकरच. म्हातारी म्हणाली, एवढी लांब सुट्टी देतेत म्हणजे साहेब मोठ्या मनाचा दिसतोय.

आठ वर्षं ती सुट्टी चालली होती. परत येताना जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर दाटीने बसलो होतो, पायाशी कुणाची तरी कोंबड्यांची पाटी. सर म्हणाले की गावच्या शाळेत अजूनही पोरांपुढं त्यांचं नाव घेतात, मगरे गुरुजींचा विलास बघा कुठं पोचला म्हणून. हेडमास्तरांनी पंधरा ऑगस्टला भाषणाला बोलावलं होतं, ते ताप आल्याचं सांगून टाळलं. "खरं सांगितलं तर त्या पोरांचं नुकसान. खोटं सांगायला मला जमत न्हाई. म्हणून दरवर्षी ताप येतो."

त्याच वर्षी हिवाळ्यात त्यांना जुन्या केंद्रातून फोन आला. अनुराधा नावाची एक मुलगी त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून होती. ती आता एका गटाची प्रमुख झाली होती. नवं यंत्र बांधायचं चाललं होतं आणि त्यातही काही चुंबकं ठरवून बाजूला सरकवायची होती. दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना तीच माहिती देऊन दोन वेगळी उत्तरं येत होती आणि कुणालाच कारण सापडत नव्हतं. तिला यायचं होतं. सरांच्या भाड्याच्या खोलीत एक खाट आणि एक खुर्ची, म्हणून त्यांनी मला विचारलं की तुमच्या घरी बसलो तर चालंल का. मी पहिल्यांदाच त्यांना इतकं अवघडलेलं पाहिलं. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, सांगितल्या वेळेच्या एक तास आधी येऊन बसले.

अनुराधाबाई गाडीने आल्या. सर उठून उभे राहिले. बाईंनी सरांच्या पायांना हात लावला, तेव्हा सर मागे सरकले. माझ्या मुलीने, नाझनीनने, सगळ्यांना चहा दिला. नाझनीन तेव्हा आमच्याच संस्थेच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका होती, आणि शाळेतून आल्यावर मगरे सरांकडून विज्ञानाचे प्रयोग शिकून घ्यायची, म्हणून तीही तिथेच दाराशी टेकून थांबली.

सरांनी लॅपटॉप पुढे ओढला. अर्धा तास ते आकडे वर-खाली करून बघत होते. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. आधी चुंबक फिरवता की आधी सरकवता? कुठल्या बिंदूभोवती फिरवता? आणि तिसरा, हे सरकवणं सॉफ्टवेअरच्या कोणत्या रकान्यात लिहिलंय? अनुराधाबाईंनी दाखवलं. सर हसले. आमच्या ओळखीत त्यांना तसं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

"तुम्ही हे चुकांच्या रकान्यात लिहिलंय," ते म्हणाले. "एक सॉफ्टवेअर गप बसतं. दुसरं इमानदार आहे. त्याला वाटून राह्यलंय की चूक झाली, म्हणून ते पुढच्या चुंबकांकडून ती चूक दुरुस्त करून घेतंय. त्याला सांगा की हे मुद्दाम केलेलं आहे. झोताची वाटच इथून पुढं अशी आहे, असं सांगा. मंग ते भांडणार न्हाई."

त्यांनी दहा-बारा ओळी बदलल्या. पडद्यावर दोन रेषा होत्या, एक लाल, एक निळी. त्या एकमेकींवर येऊन बसल्या. अनुराधाबाईंनी एक-दोन आकडे बदलून पुन्हा चालवून पाहिलं, मग म्हणाल्या, "सर, यावर आम्ही जो शोधनिबंध लिहू त्यावर तुमचं नाव येईल."

सरांनी लॅपटॉप त्यांच्याकडे परत सरकवला. पिशवीतून प्लॅस्टिकचं एक फोल्डर काढलं आणि त्यातली दोन पानं त्यांच्या हातात दिली. मला नाव नको, म्हणाले. त्या चौकशीच्या फाईलीत ही दोन पानं लावा. मी सही केली ती तशीच राहू द्या, ती माझी आहे. पण त्याच्या आधी हे लिहिलं होतं, एवढं तिथं दिसलं पाहिजे.

अनुराधाबाईंनी ती उभ्याउभ्याच वाचली. ती फाईल बंद झाली आहे, त्या हळू आवाजात म्हणाल्या. ते प्रमुख मोठ्या मानाने निवृत्त झाले, अजून सल्लागार म्हणून येतात. फाईल उघडायची तर वर जावं लागेल, आणि ते माझ्या हातात नाही. त्यांनी खोटं आश्वासन दिलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. पानं मात्र त्यांनी टेबलावर ठेवली, बरोबर नेली नाहीत.

त्या गेल्यावर मी सरांवर चिडलो. म्हणालो, आधी तुमचं काम करून घ्यायचं होतं, मग उत्तर द्यायचं. सर फोल्डरमध्ये पानं परत सरकवत होते. म्हणाले, "तेवढा दम धरवला न्हाई मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी सवाल विचारला."

काही महिन्यांनी निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांत सरांचं नाव नव्हतं. शेवटी आभारात एक ओळ होती: व्ही. मगर, स्थानिक महाविद्यालय, जाफराबाद. मी गाडीत त्यांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी अक्षरं बोटांनी मोठी करून वाचली, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "गाव बी चुकलं."

आता माझी गोष्ट. ती टाळून मगरे सरांबद्दल लिहिता येणार नाही.

कॉलेजला श्रेणी द्यायला तपासणी समिती येणार होती. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख निवृत्त झालेले, जागा रिकामी, म्हणून लॅब मगरे सरांच्या ताब्यात होती. समितीच्या दोन दिवस आधी संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून टेम्पो भरून उपकरणं आली. ती आमचीच आहेत आणि गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने आली आहेत, असं साठा नोंदवहीत लिहायचं होतं. प्राचार्यांनी नोंदवही मगरे सरांपुढे ठेवली. सरांनी वाचली आणि परत केली. उसनी आणली आहेत असं लिहायचं असेल तर लगेच सही करतो, म्हणाले. प्राचार्य म्हणाले, डॉक्टरसाहेब, सगळीकडं असंच चालतंय. सर म्हणाले, मला माहीत आहे.

संध्याकाळी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. नाझनीनला कायम करायचा प्रस्ताव संस्थेकडे गेलाय, असं सांगितलं. "मी अध्यक्षांशी बोलून राह्यलो. होऊन जाईल. तुम्ही आमचे जुने माणूस." मग नोंदवही माझ्यापुढे सरकवली. मी सगळ्यांत ज्येष्ठ, विज्ञान शाखेचा, त्या वर्षांत लॅबचा प्रभार माझ्याकडे होता असं दाखवता येत होतं. टेबलावर तीन वेगवेगळे पेन काढून ठेवले होते, वेगवेगळ्या वर्षांच्या सह्या वेगवेगळ्या शाईत दिसाव्यात म्हणून. मी तिन्ही पेन वापरले. पान वाचलं नाही.

मला वाटलं होतं, वहीतली गोष्ट वहीत राहील. समितीत एक भौतिकशास्त्राचे वयस्कर प्राध्यापक होते. लॅबमध्ये एका चकचकीत यंत्रापाशी ते थांबले आणि मगरे सरांना विचारलं, याच्यावर पोरं कोणते प्रयोग करतात?

"कोणतेच न्हाई," मगरे सर म्हणाले. "हे परवा टेम्पोतून आलंय. उद्या परत जाईल."

 प्राचार्य हसले. आमचे हे सर नवीन आहेत, तासिकेवर आहेत, त्यांना माहिती नाही, असं म्हणून त्यांनी नोंदवही उघडून पुढे केली. त्या प्राध्यापकांनी सह्या पाहिल्या, खालचं नाव वाचलं आणि शेख कोण म्हणून विचारलं. मी पुढे झालो.

"ही उपकरणं तुम्हीच ताब्यात घेतली होती?"

मी हो म्हणालो.

मगरे सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते टेबलापाशी आले, त्यांनी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं, वही मिटली आणि प्राचार्यांच्या हातात दिली. समिती पुढच्या लॅबमध्ये गेली. त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना सगळं कळलं असणार, असं मला आजही वाटतं. त्यांनी खाली मान घालून काहीतरी टिपून घेतलं आणि आम्हाला चांगली श्रेणी मिळाली.

त्या संध्याकाळी गाडीत मी दुसऱ्या डब्यात बसायचं ठरवलं होतं, पण सर फलाटावर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि नेहमीच्याच डब्यात चढले. समोरासमोर बसलो. मी बोलायचा प्रयत्न केला. माझी अडचण, पोरीचं वय, तिच्या लग्नाचं जमत आलेलं. ते ऐकत होते. जालना जवळ आलं तेव्हा म्हणाले, "नाझनीनचं काम होऊन जाईल ना आता?"

मी म्हणालो, बहुतेक होईल.

"होऊ द्या. चांगली शिकवती ती."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांना कायम नोकरी म्हणजे काय ते ठाऊक होतं, सही म्हणजे काय तेही ठाऊक होतं, आणि माझं सगळं त्यांना आतून माहीत होतं. मला शिवी द्यायची मुभासुद्धा त्यांनी स्वतःला ठेवली नव्हती.

जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही. मी प्राचार्यांना विचारलं नाही. लॅब एका नव्या पोराकडे आली आणि भिंगं पुन्हा सरळ ओळीत राहू लागली. जर्नलं पुन्हा उतरवली जाऊ लागली. फाटकावर श्रेणीचं अभिनंदन करणारा फलक लागला, त्यावर आमच्या सगळ्यांचे फोटो होते. नाझनीन कायम झाली. एक दिवस तिने विचारलं, मगरे सर येत का नाहीत? मी सांगितलं, त्यांना दुसरीकडे मिळालं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. कॉलेजातल्या कुणीतरी तिला सांगितलं असावं.

मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, आईची तब्येत बरी नाही म्हणाले, मी काळजी घ्या म्हणालो. आई गेल्याचं मला दीड महिन्याने एका विद्यार्थ्याकडून कळलं. जायला उशीर झाला होता, म्हणून गेलो नाही. खरं म्हणजे उशीर झाला याचं मला बरं वाटलं.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला मी जाफराबादकडे एसटीने निघालो होतो. रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं आणि एका बाजूची वाहनं अडवून धरली होती. आमची गाडी थांबली. बाजूच्या सोयाबीनच्या वावरात मोजणीचं काम चाललं होतं. तीन पायांवर उभं केलेलं मोजणीचं यंत्र, त्याच्यावर सावलीला बांधलेली छत्री, आणि यंत्राला डोळा लावून वाकलेला एक उंच माणूस. पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. वावराच्या दुसऱ्या टोकाला एक जण रंगीत काठी धरून उभा होता, आणि बांधावर दोन शेतकरी आपली जमीन किती जाते ते बघत ताठ चेहऱ्याने बसले होते.

सरांनी डोळा यंत्रावरून काढला आणि थांबलेल्या गाड्यांकडे पाहिलं. मी खिडकीत होतो. अंतर पंचवीसेक पावलांचं. मी काच सरकवून हात बाहेर काढला. त्यांनी मला ओळखलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते क्षणभर सरळ माझ्याकडेच बघत होते. मग ते पुन्हा वाकले, डोळा लावला आणि काठीवाल्याला डाव्या हाताने खूण केली, अजून जरा तिकडं. तो माणूस सरकला. सरांनी त्याला तिथेच थांबवण्यासाठी हात तसाच वर धरून ठेवला.

कंडक्टरने बेल दिली. गाडी निघाली तेव्हाही तो हात वरच होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता.